तांबड्या रश्श्यापुढे शिराझ का हरते

कोल्हापुरी ताटाबरोबर रेड वाइन घ्यायची म्हटलं की हमखास शिराझ सुचवली जाते. हिच्या वासात मसाला आहे, म्हणून ही मसालेदार जेवणाला चालते, असा त्यामागचा हिशोब. नाकापुरता तो बरोबर आहे. जिभेचा मामला वेगळा.

शिराझ ज्या द्राक्षापासून होते, त्याचं माहेर आग्नेय फ्रान्समधलं. इराणच्या शिराझ शहरातून ते आलं ही कथा ऐकायला छान, पण १९९०च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या डीएनए तपासणीने ती निकालात काढली. दुरेझा हे काळं आणि माँद्यूझ ब्लांश हे पांढरं, अशा दोन फ्रेंच द्राक्षांच्या संकरातून हे वाण तयार झालं. फ्रान्समध्ये ते सिरा म्हणून ओळखलं जातं, ऑस्ट्रेलियात शिराझ. आपल्याकडे ते मुख्यतः नाशिक भागात पिकतं. थंड देशात वेल हिवाळ्यात झोपतो, आपल्याकडे तो झोपतच नाही. म्हणून एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी आणि जानेवारीपासून काढणी.

हे वेळापत्रक तासगाव-मिरजेच्या बागायतदाराला नवं नाही. फळ मात्र त्याच्या ओळखीचं नाही. त्याचं थॉमसन बिनबियांचं, जीए (जिबरेलिक ॲसिड हे वाढ-संजीवक) देऊन फुगवलेलं, पातळ सालीचं. शिराझचा मणी लहान, साल जाड, आत बिया. खायला बसलात तर चोथाच जास्त. पण वाइनचा सगळा खेळ त्या चोथ्यातच आहे. मणी दाबला तर रस जवळजवळ रंगहीन निघतो. लाल रंग सालीतून येतो आणि तोंड आवळणारं टॅनिन साल-बियांतून.

शिराझला येणारा मिऱ्याचा वासही सालीतलाच. २००८ साली ऑस्ट्रेलियन संशोधकांनी त्यामागचा रेणू दाखवून दिला: रोटुंडोन. काळ्या मिऱ्याचा वासही याच रेणूचा. रेड वाइनमध्ये लिटरमागे १६ नॅनोग्रॅम असला तरी तो ओळखता येतो, म्हणजे सव्वासहा कोटी लिटरमध्ये एक ग्रॅम! गंमत अशी, की साधारण पाचातल्या एका माणसाला तो भरपूर असूनही त्याचा वास येत नाही. तेव्हा ‘कसला मिरी नि कसलं काय’ म्हणणारा पाहुणा खोटं बोलत असेलच असं नाही. थंड हवेत हा रेणू जास्त तयार होतो, त्यामुळे उन्हाळी मुलखातल्या शिराझमध्ये मिऱ्यापेक्षा पिकल्या फळाचा वास पुढे येतो.

आता तांबडा रस्सा. मिरचीचा तिखटपणा ही चव नव्हे, ती भाजल्याची सूचना आहे. ४२-४३ अंशांची उष्णता ओळखणारं एक ग्राहक प्रथिन आपल्या चेतातंतूंवर असतं. मिरचीतलं कॅप्सायसिन तेच चेतवतं. हे प्रथिन डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधलं आणि त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. अल्कोहोलही याच प्रथिनाला छेडतं: त्याचा उंबरठा ४२ वरून साधारण ३४ अंशांवर आणतं. मग तोंडाची नेहमीची ऊबसुद्धा भाजल्यासारखी वाटू लागते. म्हणजे संकेश्वरी मिरचीने आग लावलेल्या जिभेवर १४ टक्के अल्कोहोलची शिराझ ओतणं हे चुलीत आणखी एक लाकूड सारण्यासारखं.

त्यात कॅप्सायसिन तेलात विरघळतं, त्यामुळे त्याचा मोठा वाटा वर तरंगणाऱ्या कटातच सापडतो. तो वाइनने धुतला जात नाही. वर टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटून तोंड कोरडं पाडतं. आग आणि कोरड एकत्र. दह्याची कोशिंबीर यापेक्षा शंभर पटींनी बरी.

सुक्या मटणाशी मात्र हेच टॅनिन नीट वागतं. मांसाची प्रथिनं त्यातलं काही स्वतःकडे ओढून घेतात, चरबी जिभेवर अस्तर धरते आणि वाइन एकदम मऊ लागते. अट एकच, सुकं करताना कांदा-लसूण मसाल्याचा हात आवरता हवा.

माझं मत विचाराल तर या ग्लासाची खरी जागा पांढऱ्या रश्श्याशेजारी आहे, जिकडे कुणी पाहतही नाही. अळणी पाण्यात, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात, नारळाचं दूध, खसखस, काजू. लाल तिखटाचा पत्ता नाही आणि खड्या मसाल्यात मिरी असतेच. रोटुंडोनला तिथे घरचं माणूस भेटतं.

बाटली तेवढी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी म्हणतात, ती खोली युरोपातली, १६-१८ अंशांची. एप्रिलमधल्या शाहूपुरीतली नव्हे.