लुगानिसच्या रक्तामुळे तलाव ‘दूषित’ झाला होता का?

अमेरिकी डायव्हर (उंचावरून पाण्यात सूर मारणारा खेळाडू) ग्रेग लुगानिसने १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये एचआयव्हीची लागण लपवली आणि डोकं फुटल्यावर बाकीच्या डायव्हरांचा जीव धोक्यात घातला, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. लपवल्याचं खरं, १९९५ मध्ये त्यानेच ते जाहीर केलं. धोक्याची गोष्ट मात्र निव्वळ थाप.

घडलं ते असं. पात्रता फेरीत तीन मीटर उंचीवरच्या स्प्रिंगबोर्डवरून, म्हणजे लवचिक फळीवरून, त्याने अडीच कोलांट्यांची ‘रिव्हर्स’ उडी घेतली. या प्रकारात तोंड पाण्याकडे, पण गिरकी उलट फळीच्या दिशेने. तो पुरेसा लांब गेला नाही आणि डोकं फळीवर आपटलं. रक्त आलं ते थोडंच. तलावातल्या प्रचंड पाण्यात ते नगण्य, वर क्लोरीन. आणि मुळात हा विषाणू पोहण्याच्या पाण्यातून पसरतच नाही. थोडीफार जोखीम असलीच तर हातमोजे न घालता टाके घालणाऱ्या डॉक्टरांना होती. त्यांचीही चाचणी निगेटिव्ह आली.

या अपघाताने कारकीर्द संपली, ही आणखी एक लोणकढी. टाके पडल्यावर थोड्याच वेळात तो पुन्हा फळीवर चढला, दुसऱ्या दिवशी सुवर्ण जिंकलं, पुढे दहा मीटर प्लॅटफॉर्मचंही. १९८४ मध्येही ही दोन्ही सुवर्णपदकं त्याचीच होती.