काडीवरची चकती आणि मुडपलेला हात

फोटोशॉपमधल्या डॉज टूलचं चिन्ह नीट पाहा. काडीवर बसवलेली चकती आहे ती. शेजारच्या बर्न टूलवर बोटं मुडपलेला हात आहे. मोबाईलवरच फोटो काढायला शिकलेल्यांना या चित्रांचा अर्थ लागत नाही. ज्यांनी डार्करूममध्ये, म्हणजे फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत, लाल बल्बच्या उजेडात प्रिंट काढल्या आहेत, त्यांना मात्र ती बघताक्षणी ओळखीची वाटतात.

निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरखाली कागदावर जितका जास्त प्रकाश पडतो, तितका तो भाग काळा होतो. चेहरा काळवंडेल असं वाटलं, की तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती मध्ये धरायची आणि सारखी हलवत राहायची. हात थांबला तर चकतीची कड कागदावर उमटते. हे डॉजिंग. आभाळ फिकं पडत असेल तर दोन्ही हातांच्या मध्ये फट ठेवून तेवढ्याच भागावर काही सेकंद जास्त प्रकाश सोडायचा. हे बर्निंग. हात चुकला, तर तो कागद गेला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

फोटो स्टुडिओत 'टचिंग' हे वेगळंच कसब होतं. मागून उजेड सोडलेल्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने सुरकुत्या भरायच्या. प्रिंटमध्ये गडद दिसणारी सुरकुती निगेटिव्हवर पारदर्शक असते. तिथे शिसं बसलं की प्रिंटमध्ये ती फिकी होते. फोटोशॉपमधला आजचा हीलिंग ब्रश हेच काम करतो, पण तो आला २००२ मध्ये.

फोटोशॉपमधल्याच 'अनशार्प मास्क' या नावाने तर अनेकजण गोंधळतात. फोटो रेखीव करणाऱ्या सोयीच्या नावात 'अनशार्प' कशाला? कारण तीही डार्करूममधलीच आहे. निगेटिव्हवरून मुद्दाम धूसर पॉझिटिव्ह, म्हणजे तिची उलटी प्रत, करायची आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून प्रिंट काढायची. धूसर प्रतीमुळे मोठ्या भागांतला फरक दबतो, कडा मात्र उठून येतात. सॉफ्टवेअर हेच गणिताने करतं: फोटोतून त्याचीच धूसर प्रत वजा करतं आणि उरलेला फरक मूळ फोटोत मिळवतं.

आता संगणकाकडे. अमेरिकेत रसेल किर्श यांनी १९५७ मध्ये आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन केला, तो जेमतेम १७६ गुणिले १७६ ठिपक्यांचा होता. पुढची तीस वर्षं असं काम मुख्यतः मोठ्या, महागड्या यंत्रांवर चाललं. १९८७ मध्ये मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या थॉमस नोल यांनी ॲपलच्या मॅकिंटॉश प्लस या संगणकावर एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्या यंत्राच्या पडद्याला फक्त काळा आणि पांढराच ठिपका येत होता; त्यावर करड्या छटा दाखवायच्या, एवढाच मूळ हेतू. चित्रपटांच्या स्पेशल इफेक्ट्सचं काम करणारे भाऊ जॉन यांना त्यात पुढचं दिसलं. ॲडोबी या सॉफ्टवेअर कंपनीने फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉप १.० बाजारात आणलं, तेही फक्त मॅकसाठी.

या दोघा भावांच्या वडिलांची घराच्या तळघरात डार्करूम होती आणि थॉमस तिथेच प्रिंट काढायला शिकले होते. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. चकती आणि हात टूलबारमध्ये आले, त्यामागे डार्करूममध्ये घडलेली माणसं होती.

फोटोशॉपमध्ये लेअर्स, म्हणजे एकावर एक ठेवून वेगवेगळे बदलता येणारे थर, १९९४ मध्ये आले. मागच्या अनेक पायऱ्या परतवणारी हिस्टरी १९९८ मध्ये. तोवर फक्त शेवटचीच कृती मागे घेता येत होती. पैसे मोजणं परवडत नसलेल्यांसाठी बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं गिंप हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर १९९६ पासून मोफत मिळू लागलं.

फोटोतली लबाडी संगणकाने आणली, असं सर्रास म्हटलं जातं. ते मला पटत नाही. ऑस्कर रेजलँडर यांनी १८५७ मध्येच तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक फोटो घडवला होता. नॅशनल जिऑग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या उभ्या मुखपृष्ठात मावावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले, तेव्हा फोटोशॉप यायला आठ वर्षं होती.

खरं वेगळं वळण आलं २०२३ मध्ये, फोटोशॉपमध्ये जेनरेटिव्ह फिल आलं तेव्हा. चकती, पेन्सिल, धूसर पॉझिटिव्ह ही सगळी साधनं कॅमेऱ्यात शिरलेल्या प्रकाशावर काम करत होती. इथे मात्र शब्द टाइप केले, की त्या जागी कधीच नसलेलं झाड उगवतं. म्हणून रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न झालेली मूळ फाइल, जपून ठेवा. ॲडोबीने २००४ मध्ये आणलेल्या रॉ फॉरमॅटचं नावच 'डिजिटल निगेटिव्ह' आहे. ॲडोबीच्याच लाइटरूम क्लासिक या प्रोग्राममध्ये कितीही फेरफार केले तरी मूळ फाइलला धक्का लागत नाही, आणि ते जिथे करायचे त्या भागाला आजही 'डेव्हलप' म्हणतात.