पळती: वेगापेक्षा ब्रेकचा खेळ

2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. दीप्ती शर्माच्या 58 धावा आणि पाच बळी वाशी स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांनाही पाठ झाले. फार चांगलं झालं. पण त्याच वर्षी 19 जानेवारीला दिल्लीत आणखी एक विश्वचषक आपल्याकडे आला होता. खो-खोच्या पहिल्याच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळला 78-40 असं हरवलं. कर्णधार महाराष्ट्राची प्रियंका इंगळे, आणि संघात ठाणे जिल्ह्याकडून खेळणारी रेश्मा राठोड. ही दोन नावं नौपाड्यात किंवा कोपरखैरण्यात उभं राहून विचारून बघा.

खो-खो आपण सगळेच शाळेत खेळलोय, म्हणूनच कदाचित तो पोरखेळ वाटतो. शरीरशास्त्राच्या नजरेनं पाहिलं तर तो भलताच अवघड आहे.

पाटीवर उकिडव्या बसलेल्या मुलीपासून सुरुवात करू. खो तिला पाठीमागून मिळतो. देणारी तिला दिसत नाही. पाठीवर हात पडतो आणि कानावर ‘खो’ येतो. हे तिच्या पथ्यावरच पडतं. दिसलेल्या खुणेवर हालचाल सुरू करायला निरोगी तरुण माणसाला साधारण 0.18 ते 0.20 सेकंद लागतात, ऐकलेल्या आवाजावर मात्र 0.14 ते 0.16. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाशाचा विद्युत संदेश होण्याआधी रासायनिक प्रक्रियांची मालिका पार पडावी लागते. कानातल्या केशपेशी हलल्या की संदेश जवळजवळ लगेच निघतो. फरक 0.04 सेकंदाचा, पण सेकंदाला 6 मीटर वेगानं पळणारी मुलगी तेवढ्यात 24 सेंटिमीटर पुढे जाते. म्हणजे वीतभर. खो-खोत गडी वाचतो किंवा बाद होतो तो बहुतेक वेळा तेवढ्याच अंतरानं.

आता पळती करणारी. तिला दोन बसलेल्या मुलींच्या मधून आरपार जाता येतं, पाठलाग करणाऱ्या आक्रमकाला येत नाही. आक्रमकाला एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागेही फिरता येत नाही. त्यामुळे पळतीत जीव वाचतो तो वेगानं कमी आणि वळण्यानं जास्त. गणित करून पाहू. 6 मीटर प्रतिसेकंद वेगानं एक मीटर त्रिज्येचं वळण घ्यायचं तर आतल्या बाजूला गुरुत्वाकर्षणाच्या पावणेचार पट त्वरण लागेल. बुटाचं घर्षण एवढं देऊच शकत नाही, पाय घसरणार. वेग अर्धा केला की गरज एक चतुर्थांशावर येते, कारण इथे वेगाचा वर्ग मोजला जातो. तरीही 55 किलोच्या मुलीला जमिनीकडून आडवा रेटा मिळवावा लागतो तो जवळपास 50 किलो वजनाएवढा. त्यासाठी ती उभ्या रेषेपासून 42 अंशांच्या आसपास आत झुकते, घोडबंदर रोडच्या वळणावर दुचाकीस्वार झुकतो तशी.

आणि वेग अर्धा करणं म्हणजे तीन चतुर्थांश गतिज ऊर्जा दोन-तीन पावलांत जिरवणं. ती जिरवतात मांडीच्या पुढचे स्नायू, आणि तेही लांब होत असताना ताण धरून. स्नायू आखडताना जेवढं बल देतो त्याहून जास्त बल तो असा ताणला जाताना पेलतो, पण दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणंही मुख्यतः यातूनच येतं. एकेरी साखळीत, म्हणजे बसलेल्या प्रत्येक मुलीच्या मधून नागमोडी पळताना, हे दर दोन-चार पावलांनी करायचं असतं. वर्तमानपत्रातल्या निकालात मात्र एवढंच छापून येतं: ‘2.10 मि. संरक्षण’.

आक्रमकाकडे उत्तर आहे: खांब. बुटाचं घर्षण पुरत नाही तिथे ती हातानं खांब पकडते आणि केंद्राकडे ओढणारं बल खांद्यातून मिळवते. म्हणून तिला पळणारीइतका वेग कमी करावा लागत नाही. माझ्या मते खो-खोतला सर्वांत सुंदर क्षण आकाशीय सूर, म्हणजे हवेत झेपावून गडी बाद करणं, हा नाही. खांबाभोवतीचं हे वळण आहे.

या सगळ्याची किंमत गुडघा मोजतो. झटकन थांबणं आणि वळणं असलेल्या खेळांत गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांच्या दोन ते आठ पट आढळलं आहे, आणि बहुतेक वेळा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. पृष्ठभागाचाही संबंध आहे. नॉर्वेतल्या हँडबॉलपटूंच्या अभ्यासात लाकडी जमिनीपेक्षा जास्त घर्षणाच्या कृत्रिम जमिनीवर ही दुखापत स्त्रियांमध्ये जास्त दिसली, पुरुषांमध्ये तसा फरक दिसला नाही. आपला खो-खो मातीवरून मॅटवर आला आहे, हे इथे लक्षात घ्यावं. मातीत पाय थोडा सरकतो. मॅटवर बूट चिकटतो आणि वरचं शरीर फिरत राहतं.

मग अशा मुलींवर विज्ञानानं तरी पुरेसं लक्ष दिलंय का? 2014 ते 2020 मधल्या क्रीडाविज्ञानाच्या पाच हजारांहून अधिक अभ्यासांची छाननी झाली, तेव्हा फक्त पुरुषांवर केलेले निघाले 31 टक्के आणि फक्त स्त्रियांवर केलेले 6 टक्के. म्हणजे प्रसिद्धी नाही हे एक, आणि सरावाचं वेळापत्रकसुद्धा बरेचदा दुसऱ्याच शरीराच्या मापानं बेतलेलं. अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग 2022 मध्ये सुरू झाली, तीही पुरुषांची. उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) सारिका काळेला 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा खो-खोला तो 22 वर्षांनी मिळत होता.

दुखापतीवरचा उपाय मात्र महागडा नाही. उडी मारून गुडघे आत न वळवता उतरणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, थांबण्याचा नीट सराव: असा पंधरा-वीस मिनिटांचा वॉर्म-अप नियमित केलेल्या महिला खेळाडूंमध्ये एसीएलच्या दुखापती सुमारे निम्म्यानं घटल्याचं वेगवेगळ्या खेळांतल्या अभ्यासांतून पुढे आलं आहे. त्याला जिम लागत नाही, यंत्र लागत नाही. मोकळं मैदान लागतं, आणि ठाण्यात ते मिळवायचं तर आधी मांडववाल्याची तारीख बघावी लागते.