वेग उतरताना येणारा घुमारा: चाकाचे बेअरिंग की डिफरन्शियल?

कोल्हापूरहून आंबा घाट उतरून साखरप्याकडे येताना, मागच्या चाकांवर चालणाऱ्या बोलेरो किंवा स्कॉर्पिओसारख्या गाडीचा ॲक्सिलरेटर सोडताच मागून घुमणारा आवाज सुरू झाला, तर बहुतेक जण ‘बेअरिंग गेले’ असे म्हणून मोकळे होतात. पुष्कळदा ते खरेही ठरते. पण तसाच आवाज डिफरन्शियलमधील, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या यंत्रणेतील, क्राऊन (मोठे दातेरी चाक) आणि पिनियन (त्याला फिरवणारे लहान दातेरी चाक) यांचाही असू शकतो, आणि दोन्ही आवाज मागच्या ॲक्सलमधूनच येत असल्याने केवळ दिशेवरून त्यांची फारकत होत नाही. आवाज कशाबरोबर वाढतो आणि कशाबरोबर थांबतो, हे पाहावे लागते.

चाकाच्या बेअरिंगला इंजिनाशी देणेघेणे नसते. त्यावर गाडीचे वजन असते आणि ते चाकाच्या वेगाने फिरते. त्यामुळे झिजलेल्या बेअरिंगची घरघर ॲक्सिलरेटर दाबलेला असो वा सोडलेला, चालूच राहते. ती बदलते ती वळणावर. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून डाव्या वळणात आवाज वाढला तर संशय बहुधा उजव्या बाजूवर घ्यावा.

डिफरन्शियलचे गणित वेगळे आहे. पिनियनच्या प्रत्येक दाताला दोन अंगे असतात. इंजिन गाडी ओढत असते तेव्हा एक अंग क्राऊनला रेटते; ॲक्सिलरेटर सोडून गिअर तसाच ठेवला की चाकेच इंजिनाला फिरवू लागतात आणि भार दुसऱ्या अंगावर जातो. त्याच क्षणी पिनियनवरचा अक्षीय (त्याच्या आसाच्या दिशेने पडणारा) दाबही उलटतो: ओढताना क्राऊनपासून दूर लोटला जाणारा पिनियन आता क्राऊनकडे खेचला जातो आणि त्याच्या पुढच्या बेअरिंगवर ताण येतो. ते बेअरिंग झिजले असेल किंवा पिनियनची बेअरिंगे दाबून धरणाऱ्या पिनियन नटाचा ताण सैल झाला असेल, तर आवाज नेमका वेग उतरतानाच उठतो. शिवाय त्याला सूर असतो. चाकाचा परीघ सुमारे 2.1 मीटर आणि क्राऊनला 41 दात धरले, तर ताशी 60 किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे 8 वेळा फिरते आणि दात सेकंदाला सुमारे 325 वेळा जुळतात. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातील पांढरी तीनच्या अगदी जवळ. वेग 30 वर आला की हा सूर बरोबर एक सप्तक खाली उतरतो. बेअरिंगची घरघर मात्र खरखरीत असते, तिला असा स्वच्छ सूर क्वचितच असतो.

पडताळणी सोपी आहे. मोकळ्या, सरळ, सपाट रस्त्यावर 60 च्या वेगाला ॲक्सिलरेटर सोडून ऐकावे; मग पुन्हा त्याच वेगाला येऊन या वेळी क्लच दाबावा. क्लच दाबताच आवाज गेला किंवा ठळकपणे उतरला, तर तो भारावर अवलंबून आहे. तसाच राहिला, तर चाकाचे बेअरिंग किंवा टायर. टायरचा आवाज डांबरावरून काँक्रीटवर जाताच बदलतो, त्यामुळे तो लवकर ओळखू येतो. भारावर अवलंबून असलेला आवाज त्याच वेगाला एक गिअर खाली घेतल्यावर नाहीसा झाला किंवा त्याचा सूर बदलला, तर दोष गिअरबॉक्समध्ये शोधावा. सूर तोच राहिला, तर डिफरन्शियलमध्ये.

ही पडताळणी घाटात करू नये, हे मी आग्रहाने सांगेन. उतारावर गाडी गिअरमध्ये रोखलेली असते आणि त्याच वेळी वळतही असते, म्हणजे दोन्ही दोषांना आवाज करण्याचे निमित्त एकदमच मिळते. आवाज पहिल्यांदा लक्षात येतो तो घाटात. निदान करायचे ते सपाटीवर.

दुरुस्तीत तर फरक फारच मोठा आहे. चाकाचे बेअरिंग बदलले की काम संपते. क्राऊन आणि पिनियन मात्र जोडीने घासून तयार केलेले असतात, म्हणून बदलायचे तर दोन्ही एकत्रच बदलावे लागतात, आणि शिम (पातळ चकत्या) लावून दातांची जुळणी नव्याने बसवावी लागते. आवाज घालवण्यासाठी पिनियन नट अंदाजाने आवळून देणारे कारागीर भेटतात. त्यांना तसे करू देऊ नये. आवाज काही दिवस दबतो, पण ज्या डिफरन्शियलमध्ये चिरडली जाणारी स्लीव्ह (नट आवळताना मुद्दाम दबणारी नळी) असते तिथे ती गरजेपेक्षा जास्त दबली, तर नट मागे फिरवून ताण परत मिळत नाही, आणि जास्त आवळलेले बेअरिंग तापून जळते. अशा वेळी नवी स्लीव्ह घालून, पिनियन फिरवायला किती जोर लागतो हे मोजूनच नट आवळून घ्यावा.