उत्क्रांतीचे पुरावे : खानदेशातील कपाशी व गुलाबी बोंडअळी

सजीवांच्या एखाद्या गटातील आनुवंशिक गुणांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या बदलत जाणे म्हणजे उत्क्रांती. तिचे पुरावे जीवाश्म, शरीररचना, डीएनए आणि प्रत्यक्ष निरीक्षण अशा अनेक बाजूंनी मिळतात. काळ्या कातळाचा खानदेश जीवाश्मांसाठी फारसा सोयीचा नाही. प्रत्यक्ष निरीक्षणाचा पुरावा मात्र जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या कपाशीत हिरवे बोंड फोडले की हातात येतो.

अळी आणि विष. गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय वर्णन 1843 मध्ये खानदेशाच्या शेजारच्या भडोचहून आलेल्या नमुन्यांवरून झाले. फुलात शिरलेली अळी पाकळ्या आतून जाळीने बांधते. अशा न उमललेल्या फुलाला डोमकळी म्हणतात. बोंडात शिरल्यावर छिद्र बुजून जाते, बोंड बाहेरून धडधाकट दिसते आणि आत सरकी खाल्ली जाते. वेचणीला हाती येतो तो कवडी कापूस.

या अळ्यांना मारणारे क्राय1एसी हे जिवाणूचे प्रथिन झाडातच तयार करणाऱ्या बीटी कपाशीला भारतात 2002 मध्ये परवानगी मिळाली. 2006 मध्ये क्राय2एबी हे दुसरे प्रथिन जोडलेले बीजी-2 वाण आले. क्राय1एसी अळीच्या आतड्यातील कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटते, आतड्याच्या पेशींना छिद्रे पडतात आणि अळी मरते. कॅडहेरिनची घडणच बिघडलेली असेल तर विषाला चिकटायला जागा उरत नाही.

गुजरातेतील अमरेलीच्या अळ्यांत क्राय1एसीला प्रतिकार आढळला. पुढे बीजी-2 देखील निष्प्रभ ठरू लागले आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रभर कपाशीचे मोठे नुकसान झाले. सुमारे महिन्याचे जीवनचक्र आणि हंगामाला चार पिढ्या धरल्या, तरी 2002 पासून तोवर साठ पिढ्या होतात. माणसाच्या हिशेबात हा दीड हजार वर्षांचा काळ आहे.

सवय नव्हे, निवड. अळीला विषाची सवय झाली, असे बांधावर सर्रास बोलले जाते. एकट्या अळीच्या बाबतीत असे काही घडत नाही. विष लागू पडणारी अळी मरते, तिला सवय व्हायला वेळच मिळत नाही. बिघडलेल्या कॅडहेरिनच्या मोजक्या अळ्या वाचतात आणि पुढची पिढी त्यांची होते. भारतातील प्रतिकारक्षम अळ्यांच्या जनुकीय तपासणीत (2014) कॅडहेरिन जनुकाचे आठ वेगवेगळे बिघडलेले प्रकार सापडले. अमेरिकेत प्रयोगशाळेत निवडलेल्या अळ्यांतही बिघाड याच जनुकात होता, पण वेगळ्या ठिकाणी. क्राय2एबीच्या बाबतीतही भारतातील शेत आणि अमेरिकेतील प्रयोगशाळा दोन्हीकडे एबीसीए2 हे एकच जनुक बिघडलेले निघाले. एकच दाब, एकच लक्ष्य आणि स्वतंत्रपणे झालेले बिघाड: नैसर्गिक निवडीचा याहून नेमका पुरावा क्वचितच मिळतो.

आश्रयपट्ट्याचे गणित. प्रतिकाराची शक्यता आधीच गृहीत धरून बीटीच्या 450 ग्रॅम पाकिटासोबत बिगरबीटी बियाण्याचे 120 ग्रॅमचे पाकीट दिले जाई. शेताभोवती किमान पाच ओळी किंवा क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढा आश्रयपट्टा, म्हणजे बिगरबीटी कपाशीचा पट्टा, लावायचा होता. प्रत्येक अळीत जनुकाच्या दोन प्रती असतात. समजा, अशा हजार प्रतींत एक प्रतिकाराची आहे. मग दहा लाख अळ्यांत दोन्ही प्रती प्रतिकाराच्या असलेली साधारण एक, आणि एकच प्रत असलेल्या दोन हजारांच्या आसपास. झाडात विष पुरेसे असेल तर एक प्रतवाल्या मरतात. उरलेल्या एखाद्या पतंगाचा मेळ आश्रयपट्ट्यातल्या साध्या पतंगाशी झाला, तर पिल्ले पुन्हा एक प्रतवाली, म्हणजे मरणारी. पट्टाच नसेल तर प्रतिकारक्षम नर-मादी एकमेकांनाच गाठतात.

प्रत्यक्षात 120 ग्रॅमचे पाकीट बहुधा बांधावर पडून राही. काही पाकिटांत तुरीचे बी येई. ते हिरव्या अमेरिकन बोंडअळीसाठी ठीक, गुलाबीसाठी निरुपयोगी. पट्ट्यातल्या वाणाला फुले पुढेमागे आली तरी पतंगांचे मीलन हुकते. शिवाय भारतातली बीटी कपाशी संकरित असल्याने बोंडातल्या सरकीत विषाची जनुके विभागली जातात: बीजी-2 मध्ये दर सोळा सरक्यांत साधारण तिघींत फक्त क्राय1एसी, तिघींत फक्त क्राय2एबी आणि एकीत काहीच नाही. अळीला त्याच बोंडात कमी विषाची सरकी मिळते आणि एक प्रतवाल्याही तगतात. आश्रयपट्ट्यावर सगळा दोष टाकणाऱ्यांच्या नजरेतून ही गोष्ट हमखास सुटते.

खानदेशात याला लागवडीच्या वेळापत्रकाची जोड मिळाली. चोपडा, यावल, शिरपूरकडे ठिबकवर मे महिन्यातच पूर्वहंगामी कपाशी लागते, त्यामुळे पहिल्या पतंगांना फुले आयती मिळतात. दुसऱ्या टोकाला फरदड, म्हणजे वेचणीनंतरही न उपटता ठेवलेली कपाशी, फेब्रुवारीपर्यंत उभी राहते आणि पिढ्या वाढतात. सुप्तावस्थेतल्या अळ्या सरकीतून जिनिंगच्या आवारातही पोहोचतात.

तुलना. त्याच शेतात, त्याच विषाखाली हिरवी बोंडअळी मात्र एवढी बळावली नाही. तिला तूर, हरभरा, मका, ज्वारी सगळे चालते, म्हणजे आपोआप आश्रय मिळतो. गुलाबीचा निर्वाह जवळजवळ कपाशीवरच. अॅरिझोनात आश्रयपट्टे नेमाने पाळले गेले, 2006 पासून वांझ पतंग सोडले, आणि 2018 मध्ये अमेरिकेच्या कपाशीतून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. चीनमध्ये यांगत्से खोऱ्यात शेतकऱ्यांनी बीटी संकराच्या दुसऱ्या पिढीचे बी पेरले, त्यात चौथाई झाडे बिगरबीटी निघाली आणि प्रतिकार घटला.

प्रतिकार ठरवण्याची पद्धत. बोंडात जिवंत अळी सापडली म्हणजे प्रतिकार सिद्ध झाला असे नाही. आधी झाड खरोखर बीटी आहे का ते पाहतात: पानाचा तुकडा द्रावणात चुरगाळून त्यात पट्टी बुडवतात, नियंत्रणाची एकच रेघ उमटली तर ते झाड बीटी नव्हे, बियाण्यात भेसळ असू शकते. पिकाचे वय वाढले की विषही कमी होते, म्हणून उशिराच्या अळ्या फसव्या असतात. खरी कसोटी पुढच्या पिढीवर घेतात. अळ्या प्रयोगशाळेत वाढवून, त्यांची नुकतीच उबलेली पिल्ले दर मिलीलिटरला 10 मायक्रोग्रॅम विष मिसळलेल्या खाद्यावर 21 दिवस ठेवतात. किती जगली ते मोजले की गुण आनुवंशिक आहे का ते कळते.

शेतकऱ्याकडे अळीवर नजर ठेवायला कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) असतात, पाहणीसाठी हेक्टरी पाच. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग आले, किंवा फोडलेल्या वीस हिरव्या बोंडांपैकी दोन किडकी निघाली, की नुकसानीची पातळी गाठली. गोळी (ल्यूर) वेळेवर बदलली नाही तर सापळा रिकामा दिसतो आणि शेत सुरक्षित वाटते.

कपाशीचा स्वतःचा पुरावा. बोंडअळी अजून बोंडअळीच आहे, नवी जात कुठे झाली, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर अळीत नाही, पिकात आहे. जेएलए-794 सारख्या देशी वाणात 26 गुणसूत्रे असतात, अमेरिकन कपाशीत 52. दोघांचा संकर केला तर 39 गुणसूत्रांचे झाड येते. ते वाढते, फुलते, पण जवळजवळ वांझ राहते, कारण गुणसूत्रांच्या जोड्याच नीट जुळत नाहीत. अमेरिकन कपाशी ही देशीच्या आशियाई-आफ्रिकी गोतावळ्यातली एक कपाशी आणि अमेरिका खंडातली एक रानकपाशी यांच्या सुमारे दहा-वीस लाख वर्षांपूर्वीच्या संकरातून, गुणसूत्रे दुप्पट होऊन झाली. 1940 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ बीस्ली यांनी देशी कपाशी आणि अमेरिकेतील रानकपाशी यांचा संकर करून, कोल्चिसीन या रसायनाने त्याची गुणसूत्रे दुप्पट केली. त्या झाडाचा अमेरिकन कपाशीशी संकर जमला, म्हणजे नवी जात अशा वाटेने होऊ शकते याचा पडताळा मिळाला.