जुन्याचं नवं: दंड, गोधडी आणि उलटवलेली कॉलर

आत्ता जिकडे तिकडे जुन्या साडीचा कुर्ता, प्लेन टीशर्टला खणाचा खिसा, जीन्सच्या गुडघ्यावर भरतकाम असले व्हिडिओ फिरतायत आणि त्याला अपसायकलिंग म्हणतात. छानच आहे, मी स्वतःपण करते. पण हे सगळं कुणीतरी परवा-परवा शोधून काढलं अशा थाटात सांगायला लागले की मला आजीचं लुगडं आठवतं, त्यात दंड होता.

दंड म्हणजे काय हे आता बऱ्याच जणांना सांगावं लागतं. नऊवारी लुगडं झिजतं ते ठरलेल्या जागी, बसतो तिथं आणि कासोट्याच्या आसपास. पदर धड, दुसरं टोकही धड, मधलाच भाग विरून जाळी झालेला. मग तो विरलेला पट्टा आडवा कापून काढायचा आणि दोन्हीकडचे चांगले तुकडे एकमेकांना जोडायचे, ती जी मधे आडवी शिवण येते तो दंड. लुगडं आखूड व्हायचं, पण फारच आखूड झालं तर दुसऱ्या जुन्या लुगड्याचा धड तुकडा आणून जोडायचा. आजीचं तसंच होतं, पदराकडून हिरवं आणि आतून मेणरंगी, आणि नेसताना ती शिवण निऱ्यांत अशी काही जायची की पाहणाऱ्याला पत्ता लागायचा नाही. कुठं कापायचं हे ती डोळ्यांनी ठरवायची नाही, कापड दोन्ही हातांत ताणून उजेडासमोर धरायची आणि अंगठा फिरवत जायची, जिथं अंगठा दबतो तिथून चार बोटं पुढे कात्री. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली मुख्य गोष्ट ती अंगठ्याची परीक्षा आहे, बाकी फॅशन येते-जाते.

हे सुचलं गरजेतून, कारण कापड महाग होतं. हाताने कातायचं, हातमागावर विणायचं, एका लुगड्यामागे किती जणांची मेहनत, त्यामुळे कापड टाकून द्यायचं हा विचारच नव्हता. नेसून झिजलं की दंड, दंडानेही भागेना तेव्हा बाळाची दुपटी, झबली, कुंची, कारण धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडासारखं बाळाच्या अंगाला दुसरं काही नाही, आणि तेही संपलं की गोधडी. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात. खाली-वर त्यातल्या त्यात बरी लुगडी, मधे चिंध्यांचे थर, आणि वर साधा धावदोरा, कडेकडेने घालत आत आत जायचं. ठिगळं कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग अशी मांडलेली असायची, म्हणजे नुसती काटकसर नव्हती, नजर होती. गाडगेबाबा (1876 ते 1956) अंगावर ठिगळांचंच पांघरायचे, लोक त्यांना गोधडे महाराजपण म्हणायचे. ठिगळ म्हटलं की आपल्या भाषेत गरिबी आठवते, आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठं कुठं लावणार असंही म्हणतो, पण त्याच ठिगळाला त्या माणसामुळे केवढा मान आला.

मग गिरण्या आल्या. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी 1854 मधे उभी करायला घेतली. गिरण्यांमुळे कापड वाढलं, मांजरपाट म्हणजे साधं जाडसर सुती कापड घरोघर आलं, आणि त्याच सुमाराला शिवणयंत्र आलं. अमेरिकेत एलायस हाऊने 1846 मधे पेटंट घेतलं, सिंगरने 1851 मधे, आणि एकोणिसावं शतक संपेपर्यंत सिंगरची मशिनं आपल्याकडे शिंप्यांच्या दुकानात दिसायला लागली होती. गांधीजी यंत्रांबद्दल किती कठोर बोलायचे ते माहितीच आहे, पण 1924 मधे त्यांनीच सांगितलं की शिवणयंत्राला माझा अपवाद, खरोखर उपयोगी अशा मोजक्या शोधांपैकी हा एक. पुढे 1930च्या दशकात कलकत्त्यात उषा मशीन बनायला लागलं आणि हळूहळू मशीन शिंप्याच्या दुकानातून घराच्या खिडकीखाली आलं. हा बदल फार मोठा होता, कारण दुरुस्ती आणि अदलाबदल दोन्ही बाईच्या हातात आली, तेही तिला हव्या त्या वेळेला, दुपारची जेवणं आटोपल्यावर.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली. 1943 मधे सरकारने कापडावर कंट्रोल आणला, जुनी माणसं अजून कंट्रोलचा काळ म्हणतात तो हाच, कापडासाठी रांगा लागायच्या. त्याच वेळी तिकडे इंग्लंडमधे 1 जून 1941 पासून कपड्यांचं रेशनिंग होतं, माणशी वर्षाला 66 कूपनं आणि त्यातली पुरुषाच्या एका सुटालाच 26 जायची, म्हणून सरकारच लोकांना आहे ते दुरुस्त करून वापरा असं पत्रकं काढून शिकवत होतं. आपल्याकडे मात्र हे कुणी शिकवायची गरज नव्हती, घरात येतच होतं. शर्टाची कॉलर उलटवणं हे त्याचं नमुनेदार उदाहरण. कॉलर घडीवर घासून फाटते, पण तिची खालची बाजू कोरी असते, म्हणून पट्टीपासून टाके उसवायचे, कॉलर पालथी करायची आणि परत तिथंच शिवायची, शर्ट अजून दोन वर्षं ऑफिसला जायला तयार. कफचंही तेच.

आणि मुलांचे कपडे, ते तर वाढत्या अंगाचेच शिवायचे. फ्रॉकला खाली चांगला वीतभर घेर दुमडून ठेवलेला, दरवर्षी तो थोडा उसवायचा. आता उसवला की जुन्या दुमडीची रेघ उरते, वर रंग उडालेला आणि खाली गडद, ती रेघ काही केल्या जात नाही. तिच्यावर आई नागमोडी लेस लावायची. दुसऱ्या वर्षी दुसरी रेघ, तिच्यावर दुसरी लेस, वेगळ्या रंगाची. माझ्या एका फ्रॉकला तीन लेसा होत्या आणि वर्गातल्या मुली विचारायच्या की असा फ्रॉक कुठल्या दुकानात मिळतो. हेच तर कस्टमाइझ करणं! सगळ्या गल्लीत शिवणक्लास असायचे, आधी पेपर कटिंग, मग झबलं, मग बेबी फ्रॉक, मग ब्लाउज, लग्नाआधी मुलीला एवढं यायलाच हवं अशी सक्ती होती ती चुकीचीच, पण त्या क्लासमुळे माप, आडवा-उभा धागा, काखेची गोलाई हे ज्ञान हजारो घरांत पोचलं हेही खरं.

ही सगळी रीत मोडली कधी म्हणाल तर टेरिलीन आणि टेरिकॉट ही पॉलिस्टरची कापडं आली तेव्हा. पॉलिस्टर लवकर विरत नाही, घाम टिपत नाही, धुऊन मऊ होत नाही, त्याची ना दुपटी होतात ना धड गोधडी. मग न फाटलेल्या पण नकोशा झालेल्या कपड्यांचं करायचं काय? ते बोहारणीकडे जायला लागले. स्टीलची भांडी दारात घेऊन येणारी बोहारीण, तिच्याशी तासभर घासाघीस, चार साड्या आणि दोन पँटी देऊन एक पातेलं. कपडे वाया जात नव्हते, ती आणि तिची माणसं ते निवडून, धुऊन, दुरुस्त करून जुन्या बाजारात विकायची, त्या बायकांच्या कष्टाला तोड नाही. फक्त ते काम आपल्या घरातून बाहेर गेलं. त्यावर रेडिमेड आलं आणि कपडा नवा घेणं दुरुस्तीपेक्षा सोपं झालं.

आता जे परत येतंय त्यात पैठणीचा काठ उसवून प्लेन कुर्त्याला लावणं हे मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण ते आधीपासून होतंच, पोत विरला तरी जरीचा काठ टिकतो आणि तो नव्या कापडावर चढायचा. पण इथंच नवशिक्यांची गाडी अडते. काठ भारी, कुर्त्याचं कापड हलकं, आतून अस्तराची पट्टी नाही दिली की महिन्याभरात शिवणीपाशी ओढ बसून फाटतं. आणि दुसरी अडचण रेडिमेडची, आत मार्जिनच नसतं, शिवणीच्या आत ओव्हरलॉक केलेलं, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून मशीनने कड गुंफलेलं, जेमतेम अर्धा सेंटीमीटर कापड, सैल करायचं तर करणार कुठून. म्हणून आमच्या कोपऱ्यावरचे अल्टर करणारे काका कपडा हातात आला की आधी उलटा करतात, शिवण चिमटीत धरून बघतात आणि मगच होईल की नाही ते सांगतात.