नॅशनल ट्रस्ट की इंग्लिश हेरिटेज: तुमचं कार्ड नेमकं कुठे चालतं?

एप्रिलमध्ये ऊन पडायला लागलं की इंग्लंडमधल्या मराठी घरांतून तोच प्रश्न सुरू होतो: "आमच्याकडे नॅशनल ट्रस्टचं कार्ड आहे, डोव्हर कॅसलला चालेल ना?" नाही चालत. डोव्हरचा किल्ला इंग्लिश हेरिटेजचा. त्याच गावातल्या पांढऱ्या कड्यांवरची वाट आणि तिथलं पार्किंग मात्र नॅशनल ट्रस्टचं. टिंटाजेललाही तेच: किल्ला हेरिटेजकडे, गावातलं जुनं पोस्ट ऑफिस ट्रस्टकडे. दोन्ही संस्था जुन्या वास्तू जपतात, दोन्ही धर्मादाय आहेत, दोन्हींची वार्षिक मेंबरशिप असते. म्हणून लोक दोघींना एकच समजतात आणि फाटकाशी पोचल्यावर घरभराची तिकिटं काढत बसतात.

ओकचं पान ट्रस्टचं आणि लाल चौकोनी चिन्ह हेरिटेजचं, एवढं बहुतेकांना माहीत असतं. ट्रस्ट 1895 चा. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये काम करतो. स्कॉटलंडचा ट्रस्ट वेगळा, पण एकमेकांची कार्डं चालतात. इंग्लिश हेरिटेज 2015 पर्यंत सरकारी यंत्रणेचा भाग होतं, आता धर्मादाय संस्था आहे आणि फक्त इंग्लंडमध्ये आहे. तिच्याकडच्या चारशेहून जास्त जागांपैकी निम्म्याहून अधिक सगळ्यांनाच फुकट असतात. तिथे सहसा कुणी कर्मचारी नसतो आणि स्वच्छतागृहही नसतं. लहान मुलं बरोबर असतील तर आधीच्या गावात थांबून घ्या.

"बंगले ट्रस्टचे, पडके किल्ले हेरिटेजचे" हा नियम जो तो सांगतो. कृपा करून तो विसरा. कॉर्फ आणि बोडियम हे दोन्ही किल्ले ट्रस्टचे आहेत, फाउंटन्स अॅबीचे भग्नावशेषही ट्रस्टचेच. उलट ऑस्बर्न, ऑडली एंड आणि लंडनचं केनवुड ही थाटाची घरं हेरिटेजकडे आहेत. वास्तू कशी दिसते यावरून कार्ड ठरत नाही.

खरा घोळ होतो तो दोघांच्या मिळून असलेल्या जागांवर. तिथे "हे कोणाचं?" हा एक प्रश्न पुरत नाही, तीन विचारावे लागतात: जमीन कोणाची, फाटक कोण सांभाळतं आणि पार्किंगचे पैसे कोण घेतं. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी असू शकतात.

स्टोनहेंज घ्या. तेव्हाचे मालक सेसिल चब यांनी 1918 साली ते दगड देशाला दिले आणि आज ते इंग्लिश हेरिटेज सांभाळतं. पण आजूबाजूच्या माळावर बांधकामं होऊ नयेत म्हणून लोकवर्गणी काढून जमीन विकत घेतली गेली आणि 1927 पासून ती नॅशनल ट्रस्टकडे येत गेली. त्यामुळे फाटक हेरिटेजचं असूनही तिथे ट्रस्टचं कार्ड चालतं. लोक मात्र यावरून "म्हणजे हेरिटेजच्या सगळ्याच ठिकाणी चालतं" असा अर्थ काढतात आणि पुढच्या रविवारी डोव्हरला फसतात. स्टोनहेंज हा अपवाद आहे. मेंबर असलात तरी वेळ आधी ऑनलाइन बुक करा.

तिथून तासाभराच्या आत असलेल्या एव्हबरीत हाच प्रकार उलटा. दगडांचं वर्तुळ हेरिटेजच्या पालकत्वाखाली, रोजचा कारभार ट्रस्टकडे. दगडांमधून फिरायला कुणालाच तिकीट नाही, हात लावला तरी चालतो. मुलांसाठी स्टोनहेंजपेक्षा एव्हबरीच बरं, हे माझं ठाम मत. पार्किंगला पैसे पडतात, पण दोन्हींपैकी कुठलंही कार्ड असलं तर ते माफ. बाजूच्या मॅनर हाउसमध्ये मात्र फक्त ट्रस्टचं कार्ड.

सगळ्यात जास्त गोंधळ उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या रोमन भिंतीवर. हाउसस्टेड्सचा रोमन किल्ला ट्रस्टच्या मालकीचा, चालवतं हेरिटेज, म्हणून दोन्ही कार्डांवर प्रवेश फुकट. पण रस्त्यालगतचं पार्किंग नॉर्थंबरलँड नॅशनल पार्कच्या प्राधिकरणाचं, आणि तिथे कुठलंच कार्ड चालत नाही. "आम्ही मेंबर आहोत" म्हणून तिकीट न लावता गाडी सोडली की दंडाची चिठ्ठी ठरलेली. पार्किंगपासून किल्ल्यापर्यंत दहा-पंधरा मिनिटांचा चढ आहे, बाबागाडी ढकलत दमछाक होते. जवळचा व्हिंडोलांडा हा रोमन किल्ला तिसऱ्याच ट्रस्टचा, तिथे पुन्हा वेगळं तिकीट. चेस्टर्स आणि बर्डोस्वाल्ड हे भिंतीवरचे किल्ले हेरिटेजचे, तिथे ट्रस्टचं कार्ड दाखवून उपयोग नाही.

नॅशनल पार्क आणि नॅशनल ट्रस्ट यांतही गल्लत होते. नॅशनल पार्क म्हणजे नियोजनाचे कडक नियम लागू असलेला प्रदेश. त्याला फाटक नाही, तिकीट नाही आणि मेंबरशिपचा तर प्रश्नच येत नाही. लेक डिस्ट्रिक्टमधली बरीच जमीन ट्रस्टची आहे, त्यामुळे टार्न हाउजला मेंबरना पार्किंग फुकट; ग्रायझडेलच्या जंगलात ते फॉरेस्ट्री इंग्लंडचं, तिथे पैसे. यंत्रापाशी गेलात की आधी पाटीवरचं चिन्ह बघा. ओकचं पान असेल तर कार्ड स्कॅन करा, मगच गाडीपासून दूर जा. आत काच-सामान मांडलेली घरं बघण्यापेक्षा डोंगर, किनारे नि जंगलं फिरणाऱ्यांना ट्रस्टची मेंबरशिप मुख्यतः पार्किंगवरच वसूल होते, हे फार थोडे लोक हिशेबात धरतात.

दोन्ही घ्यायची ऐपत नसेल तर? मुलं पाच-सहा वर्षांच्या आतली असतील तर ट्रस्ट. बागा, खेळायची जागा, कॅफे, आणि घरून नेलेला थालीपीठ-दह्याचा डबा हिरवळीवर उघडता येतो. घराच्या आत मात्र बऱ्याच ठिकाणी बाबागाडी नेऊ देत नाहीत, आणि पाठीवरची सॅक पोटाशी घ्यायला सांगतात. मुलं आठ-दहाची झाली की हेरिटेज. बुरूज, भुयारं, तटावरून पळापळ. शिवाय एका मोठ्या माणसाच्या मेंबरशिपवर अठराखालची सहापर्यंत मुलं फुकट जातात. हिवाळ्यात दोन्हींकडचे दरवाजे लवकर बंद होतात आणि काही जागा फक्त शनिवार-रविवार उघडतात, म्हणून निघण्याआधी त्या दिवसाची वेळ तपासाच.

विंडसर, हॅम्प्टन कोर्ट, वॉरिक कॅसल, ब्लेनिम आणि चॅट्सवर्थ या ठिकाणी दोन्ही कार्डं निरुपयोगी आहेत.

आई-बाबा भारतातून आले की त्यांना तुमच्या कार्डावर आत नेता येत नाही, कार्ड नावाचं असतं. हेरिटेजचा परदेशी पाहुण्यांसाठी 9 किंवा 16 दिवसांचा पास मिळतो, तो घ्या. सुटं तिकीट काढलंत तर काउंटरवर 'गिफ्ट एड'चा, म्हणजे देणगी धरलेला, दर घ्यायचा नाही. तो नेहमीच्या दरापेक्षा किमान दहा टक्क्यांनी जास्त असतो आणि ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्यांसाठी आहे. त्यांना एकच ठिकाण दाखवायचं असेल तर आइल ऑफ वाइट बेटावरचं ऑस्बर्न हाउस दाखवा. लाहोरच्या भाई राम सिंग यांच्या कल्पनेतून साकारलेली तिथली दरबार रूम, छतापासून भिंतींपर्यंतचं गिलाव्याचं नक्षीकाम, त्यांना जवळून बघायला आवडेल. साउदॅम्प्टनहून गाडीची फेरी ईस्ट काउजला लागते, तिथून घर अगदी जवळ. फेरीचं भाडं तिकिटापेक्षा जड पडतं, ते आधी बुक करा.